खोली रिकामी नाही

"एका बाईसाठी चार माणसं?" दार उघडताच रंगाच्या दुकानाचा मालक कडाडला. "दुसरा कामधंदा नाही वाटतं तुम्हाला!"

चौघं आत आली. मोठ्या हॉस्पिटलातले मनोविकाराचे डॉक्टर, इथल्या दवाखान्याची नर्स, घरोघरी फिरणारी समाजसेविका आणि त्यांच्यामागून एक पिकल्या केसांची बाई. समाजसेविका ओळख करून द्यायला लागली, तसा त्याने हात झटकला.

"ओळखीपाळखी राहू द्या. मुद्द्याचं बोला."

डॉक्टरांनी मुद्दा सांगितला. त्याची बहीण आता बरी होती. औषधं जवळच्या दवाखान्यातून मिळतील, नर्स घरी येत जाईल, काही बिघडलंच तर तिघं मिळून बघतील. वॉर्डात नुसतं पडून राहण्यापेक्षा तिने आपल्या माणसांत राहावं. तिनेही घरचाच ध्यास घेतला होता.

"तुम्ही उंटावरून शेळ्या हाकणार आणि निस्तरायचं आम्ही!"

"त्यांची खोली आहे ना?" समाजसेविकेने विचारलं.

"रिकामी नाही. रंगाचे डबे आहेत तिथे."

डबे दुकानात सहज मावले असते. पण नाही म्हणायचंच ठरवलं की माणसाला डबेही पुरतात.

"जरा हळू बोला," नर्स म्हणाली.

"हळू कशाला? तिच्या तोंडावर सांगेन! माझ्या लग्नात किंचाळत सुटली होती. अब्रूचे धिंडवडे काढले. आता उतारवयात हे दुखणं पुन्हा विकत घेऊ? तिथेच मरू दे तिला."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "शेवटचं कधी भेटलात बहिणीला?"

"दर महिन्याला जातो," त्याने ठोकून दिलं. "असा भाऊ दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही."

नर्स त्याच्याकडे बघतच राहिली. समाजसेविकेने मान खाली घातली. एकेकाची कशी बोलती बंद केली, म्हणून तो मनातून खूश झाला. मग त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेलं. तिथे ती चौथी बाई बसली होती.

"या सगळ्यांत तुम्हीच काय त्या समजूतदार दिसता," तो जरा मऊ आवाजात म्हणाला. "मघापासून उगाच तोंड चालवलं नाहीत. तुम्हीच सांगा बाई यांना. माझं पटतंय ना?"

बाई उठून उभी राहिली.

"पटलं, दादा," ती म्हणाली. "मी नाही येत घरी."