सलोमीची प्रार्थना

कारखान्यातल्या अपघातात सलोमीच्या नवऱ्याचं, याकोबचं, कमरेखालचं अंग लुळं पडलं. तेव्हापासून सलोमीचा सारा दिवस त्याच्या खाटेभोवतीच जाई. त्याला पुसायचं, कुशीवर वळवायचं, चादरी धुवायच्या. जेवणाआधी ती डोळे मिटून प्रार्थना करायची आणि तो कडवट हसायचा. "तुझा प्रभू बहिरा आहे, सलोमे."

नाताळच्या आदल्या दिवशी चर्चची मंडळी गाणी गात गल्लीतून गेली. तिलाही जायचं होतं. पण याकोबची चादर पुन्हा भिजली होती.

संध्याकाळी ताटं वाढून ती नुसतीच बसली.

"प्रार्थना नाही करायची?" त्याने विचारलं.

"तुम्हीच म्हणता ना, तो बहिरा आहे? मलाही आता तसंच वाटतं."

याकोब तिचा उतरलेला चेहरा बघत राहिला. मग अपघातानंतर पहिल्यांदाच त्याने हात जोडले.

"प्रभू, माझं नको ऐकूस," तो चाचरत म्हणाला, "पण हिचं ऐक. फार दमली आहे रे ही."

पुढे त्याला शब्द सुचेनात.

"आमेन," सलोमी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

उद्याही हीच कामं होती, हीच खोली होती. पण उद्या उजाडावं, असं तिला कितीतरी दिवसांनी वाटलं.