फडातून आलेला फोटो

पालकसभेत वर्गाचा नवा फोटो हातोहात फिरत होता. यंदा मास्तरांनी एकेका मुलाचा वेगळा फोटो घेऊन सगळे मोबाईलवर जोडले होते. रामरावांना ते पटलं नाही.

"आमच्या वेळी सारा वर्ग एका जागी बसे. हे जोडजाड कायले? अन् या पोरीच्या खांद्यावर उसाचं पान काहून आलं?"

तांड्यावरची बेबीबाई उठली. "मी चार वर्सं शाळा शिकली, भाऊ. दरसाली फोटो निघे तवा आमी ऊस तोडाले गेलेले. एकाबी फोटोत मी नाही. हे माही रंजीता. यंदाबी आमी उसाच्या फडात होतो, तिथूनच फोटो धाडला तिचा."

"मंग पान तरी पुसाचं."

"मास्तर पुसूनच राह्यले होते. मीच म्हनलं, राहू द्या."