अक्षर लागत नाही

एकसष्ट साली गावात प्रौढवर्ग निघाला. घरात पाटी एकच, ती बायकोने बळकावली. म्हणून मी डोंगरावरच्या बंद पडलेल्या चिरेखाणीत जाऊन भिंतीवर टिकावाने स्वतःचं नाव गिरवायचो. परीक्षेत बायको पास झाली. मला गुरुजींनी नापास केलं, कारण माझं अक्षर लागत नव्हतं. तेव्हापासून ती रोज विचारायची, "काय ओ, तुमचो दाखलो कधी मिळतलो?"

पुढे मुंबईचे एक साहेब गळ्यात कॅमेरा अडकवून खाणीचे फोटो काढायला आले. ती भिंत दिसताच त्यांनी चपला काढल्या.

मी म्हटलं, "सायबानू, ह्या माझा नाव आसा. गुणाजी."

"बाजूला व्हा बाबा, तुमची सावली पडतेय."

महिन्याने फोटो पेपरात आला. खालची ओळ मी स्वतः वाचली: 'दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख. विद्वानांना अक्षर अद्याप लागलेले नाही.' तो पेपर घेऊन मी दाखला मागायला गुरुजींकडे धावलो. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.



"बघ गुणाजी, विद्वानांकय तुझा अक्षर लागूक नाय. मगे मी तुका पास कसो करू?"