तळहाताची ऊब

दवाखान्यात रिपोर्ट आता कागदावर मिळत नसे. हातात एक पातळ पाटी देत आणि तळहाताच्या उबेवर तिच्यातली अक्षरं निळी उजळत. ना वायर, ना बॅटरी. ज्याचा रिपोर्ट, त्याच्याच हातात तो दिसे.

कुमुदिनी केळुसकरांनी पाटी तिसऱ्यांदा दाबून धरली. गाठ साधी आहे की वाईट, एवढंच त्यांना वाचायचं होतं. पाटी काळी ती काळीच.

तो निळा रेणू त्यांनीच घडवला होता. उमेदीची बावीस वर्षं त्यात गेली. इतक्या थोड्या उबेवर उजळणारा रेणू तोवर कुणाला साधला नव्हता. चाचणीला मात्र हात घेतले ते प्रयोगशाळेतल्या पोरापोरींचे, सगळे पंचविशीच्या आतले. म्हातारपणी हात गार पडतात, हे कुणाच्या ध्यानीमनीही आलं नाही.

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं आपला चहाचा पेला पुढे केला. दवाखान्याबाहेरच्या टपरीवर म्हातारी माणसं हल्ली चहा घेत ती प्यायला नव्हे, हात शेकायला.

"धरा बाई घटकाभर, मग दिसेल," तो म्हणाला. "ज्यानं कुणी हे काढलं ना, त्याचे हात कधी गार पडलेच नसतील!"

कुमुदिनीबाईंनी पेला दोन्ही हातांत घेतला. वाद घालायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

"तेव्हा नव्हते पडत," त्या म्हणाल्या.