ट्रक थांबला ती जागा

डिचोलीजवळच्या एका खाणीवर टाकाऊ मातीचा डोंगर घसरला आणि शीतलचे वडील ट्रकसकट त्याखाली गेले. पंधरा वर्षं झाली, पण ना ट्रक मिळाला, ना माणूस.

इंजिनियर झालेली शीतल बाळंतपणाला लाटंबार्सेला आईकडे आली होती. बाळ निजलं की ती लॅपटॉपवर ब्राउझर उघडायची आणि स्क्रीनवर तो डोंगर पुन्हा घसरवायची. त्या दिवशीचा पाऊस, उतार, ट्रकचं वजन ती भरायची. सगळी आकडेमोड दूर कुठेतरी क्लाउडवर चालायची. आज सलग तिसऱ्यांदा ट्रक एकाच जागी येऊन थांबला. तिथं आता काजूची झाडं आहेत.

"ओली बाळंतीण तू, डोळे बिघडतले," आई मागून म्हणाली. "बंद कर तो डबो."

"आई, बाबा सापडले." शीतलनं लॅपटॉप आईकडे वळवला. "आता तिथं खणायला सांगूया."

आईनं स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. ती बाळाचं दुपटं सारखं करत राहिली.


"ती जागा माका माती उपसणाऱ्या जेसीबीवाल्यान तेव्हाच दाखवल्यान. मीच त्याका गप रव म्हटलंय. खणला असता, तर माका कुंकू पुसूचा लागला असता."