दिवसाआड

"अगं, काल तर इथेच उभी राहून फडाफडा सोडवलंस, आणि आज ततपप?" बाईंनी खडू टेबलावर आपटला. त्याचे दोन तुकडे झाले. मुलगी फळ्यासमोर मान खाली घालून उभी राहिली. मागच्या बाकांवर खसखस पिकली.

हे सगळं नेमकं आजच व्हायचं होतं. शेवटच्या बाकावर गुडघे आखडून मोजणीवाले साहेब बसले होते. पहिलीत आलेली किती मुलं पाचवीपर्यंत टिकली, हे मोजायला ते शाळाशाळांतून फिरत. पण साहेब नुसती डोकी मोजणारे नव्हते. जे मूल शाळेत येतं पण शिकत नाही, ते टिकलं असं ते मानतच नसत. काल त्यांनी याच मुलीला भागाकार घातला होता आणि खूश होऊन तिची पाठ थोपटली होती. आज आकडे बदलून तसाच भागाकार घातला, तर हिची पाटी कोरी.

बाईंना हा वर्ग यंदाच मिळाला होता, तोही गळती लागलेला. कुणी आईबापांमागे कामाच्या गावी गेलं, कुणी दुकानात बसू लागलं, एकीचं पोट दुखायला लागलं ते अजून थांबलं नव्हतं. बाईंनी घरोघर खेटे घातले, विनवण्या केल्या, दोन ठिकाणी तर चक्क भांडण केलं. हिच्या घरी मात्र कधी जावं लागलं नव्हतं. ही एक दिवसही शाळा चुकवत नसे.

आणि तरीही ही अशी! वर्षभर बाईंच्या डोक्याला ताप. एक दिवस हुशार, एक दिवस ढ. आज नकाशावरची नदी बोट ठेवून दाखवायची, उद्या नकाशा उलटा धरायचा. बाईंनी तिचं नावच ठेवलं होतं, 'दिवसाआड'. नळाला पाणी येतं तशी हिला अक्कल येते, असं त्या शिक्षकांच्या खोलीत सांगत आणि सगळे पोट धरून हसत.

"काय लिहू, बाई?" साहेबांनी विचारलं. "टिकली म्हणू की गळली?"

"थांबा जरा. हिच्या आईलाच जाऊन विचारते, ही घरी पुस्तक तरी उघडते का ते."

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. "आई कामावर असते, बाई. उद्या घेऊन येते ना तिला."

"उद्याचं उद्या! चल आधी." मधली सुट्टी होताच बाईंनी तिचं मनगट धरलं आणि तरातरा निघाल्या. मागून साहेबही आले. गल्लीच्या तोंडाशी मुलगी एकदम मोठ्यानं ओरडली, "बाई आल्यात गं!" घरात कुणी नाही म्हणते आणि हाका कुणाला मारते, म्हणून बाईंचा पारा आणखी चढला.

दार आतून बंद होतं. बाईंनी कडी वाजवली, पुन्हा वाजवली. बऱ्याच वेळानं दार उघडलं. कडेवर बाळ घेऊन एक मुलगी उभी होती. तेच कपाळ, तेच नाक, तीच खाली घातलेली मान. बाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. धरलेलं मनगट हातातच होतं.

"तू कोण गं?" बाईंचा आवाज खोल गेला.

"मी उद्याची, बाई," ती चाचरत म्हणाली.

मग दोघींनी मिळून सांगितलं. आई सकाळी कारखान्यात जाते ती दिवेलागणीला येते. घरात कायम कुणी ना कुणी तान्हं. म्हणून शाळेत नाव एकीचंच घातलेलं, गणवेशही एकच. पण शाळा दोघींनाही हवी होती. मग एक दिवस एक, एक दिवस दुसरी. जी जाऊन येई ती रात्री दुसरीला शिकवी, जेवढं आठवेल तेवढं. वर्गातल्या सगळ्या मुलांना हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त बाईंना.

वर्षभराचा राग आता कुणावर काढावा, हे बाईंना कळेना. स्वतःचीच त्यांना भयंकर चीड आली.

साहेब घसा खाकरून म्हणाले, "हे चालायचं नाही, बाई. अशी अर्धी अर्धी शाळा करून दोघीही कच्च्या राहतील. पटावर जिचं नाव आहे तिनं रोज यायचं."

"आणि दुसरीनं?"

"दुसरीचंही घाला की नाव! मी कुठे नको म्हणतो? पण मग या बाळाला कोण बघणार? तुम्ही?"

शाळेत तान्ह्यांसाठी एक खोली द्या, एक बाई द्या, असे अर्ज करून करून बाई थकल्या होत्या. दर वेळी उत्तर यायचं, वरून कळवू. वरचे कधी काही कळवत नसत.

साहेब माणूस वाईट नव्हता. ते उंबऱ्याशी उकिडवे बसले आणि त्यांनी पेन उघडलं. "घाबरू नका, पोरींनो. कुणी रागावणार नाही. फक्त खरं सांगा. पटावरचं नाव तुमच्यापैकी कुणाचं?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"हिचं," दोघीही एकदमच म्हणाल्या, एकमेकींकडे बोट दाखवून.