अंगठ्याचा खळगा

झिजलेल्या वस्तूला मूळ आकार परत देणारं यंत्र तालुक्याला आल्याचं कळताच विश्राम आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर सापडलेला गुळगुळीत तुकडा घेऊन गेला. बायको शेवंती जन्मभर त्याला दात म्हणायची आणि विश्राम गोटा म्हणून हसायचा. "कुणाचा दात आहे, तेवढं शोधा हो," असं ती वारण्याआधी म्हणाली होती.

यंत्रावरच्या मुलीने तुकडा आत ठेवून पडद्याकडे पाहिलं.

"काका, दातच आहे, फार जुना. बाकी झीज समुद्राची, पण हा खळगा अंगठ्याने पडलाय. कुणीतरी वर्षानुवर्षं घासलाय."

"बायकोने. बोलताना हातात असायचा."

"आता यंत्र कणाकणाने झीज भरेल, मग प्राणी ओळखता येईल. सगळ्यात आधी हा खळगा भरेल."

"थांबव, पोरी!"

"मग कुणाचा दात ते कळणार नाही."

"राहू दे. रागावली तर ऐकून घेईन."

बाहेरच्या बाकावर बसून त्याने आपला अंगठा खळग्यात ठेवून पाहिला. अंगठा जाड होता. तो बसेना.